वाचलेले, पाहिलेले आणि आपले मत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘अलीकडे वाचलेली पुस्तके आणि पाहिलेले चित्रपट यांविषयी चार शब्द सांगा’ असा विषय कार्यकारिणीने मला दिला. विषय ऐकायला सोपा आहे. पण चार शब्द सांगायचे म्हणजे नेमके काय सांगायचे, याचा विचार करू लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपण बायका वाचतो पुष्कळ, पाहतो त्याहून पुष्कळ. मात्र त्यावर बोलायची वेळ आली की आपले शब्द दोनच. ‘छान होते.’ चित्रपट फारच आवडला तर, ‘रडू आले बाई!’ आणि लगेच गाडी भाजीच्या भावावर येते.

भाजीच्या भावाला मी कमी लेखत नाही. उलट मला म्हणायचे आहे ते हेच की, बाजारात आपण किती चोखंदळ असतो! वांगे हातात घेऊन देठ पाहू, तुरीची डाळ तळहातावर घेऊन निरखू, लुगड्याचा पोत दोन बोटांत चोळून पाहू आणि मगच पैसे मोजू. दुकानदाराने कितीही स्तुती केली तरी आपल्या बोटांना जे कळले तेच खरे. ही पारख पुस्तकापाशी आली की जाते कुठे? ती जात नाही, मैत्रिणींनो. ती मनात असतेच. फक्त ती बोलून दाखवायची आपल्याला सवय नाही, आणि कोणी विचारतही नाही. घरात चित्रपटावर वाद होतो तो बाप-लेकांत. आपण चहा ठेवायला उठतो.

म्हणून आज मी मते सांगणार आहेच, पण त्याआधी एका बाईची ओळख करून देणार आहे. ती परक्या मुलखातली नाही. आपल्याच बुलढाण्याची आहे. सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे नाव आपल्या जिल्ह्यातले लहान मूलही घेते, आणि ते योग्यच आहे. पण ताराबाई शिंदे हे नाव आपल्यापैकी किती जणींच्या घरात उच्चारले जाते?

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे होते. मुलींच्या शिक्षणाचे नाव काढणे कठीण अशा काळात त्यांनी आपल्या या लेकीला घरी शिकवले. त्या शिकलेल्या लेकीने १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ नावाचे पुस्तक पुण्यात छापून घेतले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

पुस्तकाचे निमित्त मोठे दुःखाचे होते. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर आपल्या नवजात मुलाला मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळून काळे पाणी ठरले. या प्रकरणावरून वर्तमानपत्रांत लिहिणारांना ऊत आला. बायकांची जातच वाईट, त्यांच्या अंगी नीती नाही, असा सूर निघू लागला. हे वाचून ताराबाई उठल्या आणि लिहायला बसल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता. जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषाच्या अंगी नाहीत काय? बायको वारली तर पुरुष दुसरी करून आणतो. मग नवरा वारलेल्या बाईनेच असा कोणता गुन्हा केला की तिने जन्मभर तोंड लपवून बसावे?

पण आजच्या विषयाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. ताराबाईंनी आपल्या पुस्तकात त्या काळच्या पुस्तकांचाही समाचार घेतला आहे. ‘स्त्रीचरित्र’, ‘मनोरमा’ नाटक, ‘मुक्तामाला’ ही कादंबरी, ही सारी त्या वेळी लोकांच्या हातात असलेली पुस्तके. त्यांत बायका जशा रंगवल्या आहेत तशा खरोखरच असतात का, असे त्या रोखठोक विचारतात. भाषा घरातली, वऱ्हाडी ठसक्याची, चुलीजवळ बसून बोलावी तशी. म्हणजे पाहा, पुस्तके वाचून आपले मत निर्भयपणे सांगणारी ही बाई सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली.

तिच्या वाट्याला काय आले? टीका आणि कुचेष्टा. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली, हा तेवढा आधार. हे तिचे एकच पुस्तक. पुढे ते लोकांच्या विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले. मध्ये ९३ वर्षे गेली. बाईचे मत असे हरवते. ते कोणी जाळावे लागत नाही. कोणी पुढे सांगितले नाही की आपोआप मिटते.

तेव्हा ताराबाईंचाच प्रश्न मी माझ्या वाचनाला आणि पाहण्याला लावते. या गोष्टीत दोष कोणाच्या पदरात टाकला आहे? आणि शेवटचा शब्द कोणाचा आहे? या दोन प्रश्नांची चाळणी हातात असली की चांगले-वाईट निवडणे सोपे जाते.

पहिला चित्रपट जुना घेते, कारण तो आता घरबसल्या पाहता येतो. प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेला. मामा फसवून नीरेचे लग्न एका म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतो, आणि ही पोर त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांनी ती नीरा अशी उभी केली आहे की आजही पाहताना आपण पाठ ताठ करून बसतो. दोष कोणाचा, हे चित्रपट स्पष्ट सांगतो: फसवणाऱ्याचा आणि या वयात बोहल्यावर चढणाऱ्याचा. इथवर मी चित्रपटाच्या बाजूने. पण शेवट मला पटत नाही. म्हाताऱ्याला पश्चात्ताप होतो आणि तो जीव देऊन तिला मोकळी करतो. त्यामुळे अखेरीस आपले डोळे भरतात ते त्याच्यासाठी! इतकी झुंजलेली नीरा मोकळी होते ती त्याच्या उपकाराने. शेवटचा शब्द तिचा असता तर मला अधिक समाधान वाटले असते.

आता १९९१ चा ‘माहेरची साडी’. आपल्यातल्या बहुतेकींनी तो पाहिला आहे, आणि थिएटरात पदर ओला करून आलेल्या इथे कमी नाहीत. अलका कुबल यांचे काम मनाला भिडते, यात वाद नाही. जन्मतःच जिला अपशकुनी ठरवले ती लेक आयुष्यभर सोसते. माझे म्हणणे एवढेच: रडून झाल्यावर एक घटका थांबून पाहावे की आपण कशाला रडलो. तिच्या हालांना, की तिच्या निमूटपणे सोसण्याला? हालांना रडलो असू तर ते अश्रू चांगले. त्यातून एखादी सासू सुनेशी चार शब्द गोड बोलेल. पण सोसणे हाच बाईचा मोठा गुण असे मनावर बिंबवून घरी आलो, तर ते अश्रू आपल्याच लेकींना महागात पडतील. बापाला पश्चात्ताप होतो, पण कधी? लेकीच्या काही उपयोगाचा उरत नाही तेव्हा.

‘उंबरठा’ मात्र वेगळ्या जातीचा. १९८२ चा, जब्बार पटेल यांचा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला. स्मिता पाटील यांची सुलभा सुखवस्तू घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. तिथला कारभार पाहून होरपळते, परत येते, तर घर तिचे राहिलेले नसते. ‘पोटच्या पोरीला टाकून जाणारी कसली आई?’ असे आपल्यातल्या काही जणी म्हणतील. हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. त्या लहान मुलीचे मन काय म्हणत असेल, हे मलाही टोचते. पण मी उलट विचारते: नवरा नोकरीसाठी परगावी गेला तर ‘पोरीला टाकून गेला’ असे कोणी म्हणते का? हा प्रश्न ताराबाईंचाच आहे, शंभर वर्षांनी चित्रपटाच्या पडद्यावर आलेला. या चित्रपटात शेवटची पायरी सुलभा स्वतः उतरते. म्हणून तो पाहताना सुख होत नाही, पण नंतर मनातून जातही नाही.

अलीकडचा म्हणाल तर २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. गावोगावच्या बायका घोळक्याने जाऊन पाहून आल्या. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायका गोष्टीच्या नायिका होऊ शकतात, हेच मला फार आवडले. त्यांतल्या प्रत्येकीला आपापले दुखणे आहे, आपापली जीभ आहे. न पटलेले एकच: वर्षानुवर्षांचे सल एका खेळाच्या तालावर इतक्या चटकन विरघळतात, तसे घरात होत नाही. फुगडी घालून श्वास मोकळा होतो खरा. पण घरी आल्यावर बोलावे लागतेच.

आता पुस्तके. ‘श्यामची आई’ सांगायची गरज नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ते लिहिले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा चित्रपट केला. पण मी मूळ पुस्तकातली एकच गोष्ट घेते, अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता भाजी चांगली झाली म्हणून जेवतात, मुलेही जेवतात. आईच्या तोंडात घास जातो तेव्हा तिला कळते. आपण ही गोष्ट वडिलांच्या मोठेपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. रांधणारणीच्या कष्टांचा एवढा मान ठेवणारे पुरुष घरोघरी हवेत. पण आई काय म्हणते, तेही पाहावे. मला सांगितले का नाही, म्हणून ती हळहळते. ताटावर ‘छान आहे’ म्हणून गप्प जेवणे हा संस्कार झाला. पुस्तकाला आणि चित्रपटाला मात्र तोच न्याय लावू नये. तिथे मीठ नसेल तर नाही म्हणावे. लिहिणारालाही त्यातच हित आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत निघाली. सोवळ्यापायी घरादाराला वेठीस धरणारे वडील, लहरी पण मनाने मोठे पती, धर्मांतराने झालेली ताटातूट, असे काय काय त्या बाईने पाहिले! आणि सांगते कशी, तर हसत हसत. पतीवर प्रेम करते आणि त्यांच्या चुकाही झाकत नाही. दोन्ही एकाच वेळी करता येते, हे मी या पुस्तकातून शिकले. मत सांगणे म्हणजे भांडण नव्हे, याचा इतका चांगला दाखला दुसरा नाही. ज्यांना जाड पुस्तकाची धास्ती वाटते त्यांनी पहिली वीस पाने वाचावीत. पुढची आपोआप वाचली जातील.

शेवटचे पुस्तक फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. ‘स्त्री’ मासिकातून आधी आले, १९८६ साली पुस्तक झाले. महार समाजातल्या बायकांचे जिणे, त्यांची भूक, त्यांच्यावर घरात आणि गावात झालेला जुलूम, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने आलेले नवे बळ, हे सारे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. वाचताना आपल्यापैकी काहींना अवघडल्यासारखे होईल. व्हावे. दोष कोणाच्या पदरात, या प्रश्नाचे उत्तर इथे कधी आपल्याच वाडवडिलांच्या दारात येऊन उभे राहते. या बाईंनी आपले लिखाण वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, हे आठवले की माझा घास अडतो. ताराबाईंचे पुस्तक छापूनही हरवले. बेबीताईंचे छापण्याआधीच हरवायचे, ते थोडक्यात वाचले.

म्हणून, भगिनींनो, आजच्या दिवशी मंडळापुढे एक विनंती ठेवते. दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास यासाठी राखावा. एका महिन्यात एक पुस्तक किंवा एक चित्रपट. प्रत्येकीने दोनच वाक्ये सांगायची: मला काय पटले, आणि काय पटले नाही, मात्र ‘कारण’ हा शब्द त्यात आला पाहिजे. ज्या मावशींना, आजींना वाचता येत नाही त्यांना एखाद्या सुनेने वाचून दाखवावे, आणि मत आधी त्यांचे घ्यावे. जग त्यांनी आपल्यापेक्षा अधिक पाहिले आहे. कोणाच्या मताला हसायचे नाही, आणि कोणाचे मत अध्यक्षाबाईंच्या मताशी जुळलेच पाहिजे असे नाही. एका वहीत ती मते तारखेसह लिहून ठेवावीत. पहिले पुस्तक ताराबाईंचे घ्यावे. आकाराने लहान आहे, आणि आपल्या गावचे आहे.

माझी आजची मते तुम्हांला पटलीच पाहिजेत, असा माझा आग्रह नाही. ‘कुंकू’चा शेवट कोणाला योग्य वाटत असेल, ‘उंबरठा’ कोणाला मुळीच रुचला नसेल. तर मग पुढच्या बैठकीत उठावे आणि सांगावे. चहा त्या दिवशी दुसऱ्या कोणी ठेवला तरी चालेल.