मुळशीची पातळी आणि आपली कुंडलिका
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी बजावलंय, "तू जन्मभर धरणांचे हिशेब केलेस, त्यावर बोल, पण पोपटी थंड व्हायच्या आत संपव." तेव्हा थोडक्यात सांगतो.

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे दगड उघडे पडतात. कुंडलिका मात्र वाहते. हे पाणी मूळचं आपलं नाही. मुळा नदी पूर्वेकडे भीमेला मिळणारी. मुळशीला धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला आणलं. तिथलं वीजघर 1927 साली सुरू झालं. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. कोलाडचं राफ्टिंग, डोलवहालच्या बंधाऱ्यावरचे कालवे, धाटावचे कारखाने हे सगळे त्याच पाण्यावर.

म्हणून मुळशीची पातळी वाचता येणं ही आपलीही गरज आहे.

पहिली गोष्ट, पातळी आणि साठा एक नव्हे. दरी वाटीसारखी असते, वर रुंद आणि तळाशी अरुंद. वरच्या एका मीटरमध्ये जेवढं पाणी मावतं, तेवढं तळच्या मीटरमध्ये मावत नाही. म्हणजे पाणी निम्म्या उंचीवर आलं, तेव्हा साठा निम्म्याहून बराच कमी झालेला असतो. काठावरून बघणारा इथेच फसतो. पेपरात येणारे टक्के बहुधा उपयुक्त साठ्याचे असतात. तळचा मृतसाठा त्यात धरत नाहीत. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2832 कोटी लिटर.

दुसरी गोष्ट विजेची. धरणाच्या पायथ्याशी वीजघर असेल आणि पाण्याची उंची 40 मीटर असेल, तर पातळी 10 मीटर उतरताच पाव दाब गेला. भिऱ्याला 500 मीटरमध्ये 10 मीटर म्हणजे शंभरात दोन. तिथे प्रश्न दाबाचा कमी, पाणी किती उरलं याचा जास्त. एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते.

तिसरी गोष्ट, ही पातळी कॅलेंडरसारखी वाचायची. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठ महिने तलावात नवं पाणी जवळजवळ येत नाही. रोज सारखाच वापर धरला, तर 15 फेब्रुवारीला निम्मा साठा शिल्लक हवा. एप्रिल-मेच्या उन्हात वाफ होऊन जाणारं पाणी धरलं, तर निम्म्याहून थोडा जास्तच. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी उदाहरण तपासावं!

एक सावधगिरीही सांगतो. वीजघर विजेच्या मागणीनुसार चालतं. त्यामुळे आभाळ कोरडं असतानाही खालच्या पात्रात पाणी एकदम चढू शकतं. सहलीला नेलेल्या मुलांना पात्रात उतरवण्याआधी गावकऱ्यांना पाण्याची वेळ विचारा.

आता खरा प्रश्न. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्यावं, अशी मागणी पुण्याच्या बाजूने होत असते. तिला रागाने उत्तर देऊ नये. या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या. 1921 साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. आपल्या हिरव्या उन्हाळ्याची किंमत त्या गावांनी दिली आहे, आणि त्यांनाही पाणी हवंच. पण गेल्या शंभर वर्षांत कुंडलिकेकाठी शेती, रोजगार, वस्ती वाढली तीही याच पाण्यावर. निर्णय कुठलाही होवो, आपल्या बाजूची माणसं आकडे हातात घेऊन बसलेली असावीत. फूट किती, टीएमसी किती, आणि जूनला किती दिवस उरले, हे तीन आकडे एकत्र विचारणारा माणूस सहज गप्प बसवता येत नाही.

आपल्या शाळेच्या फळ्यावर दर पंधरवड्याला हे तीन आकडे लिहिले जावेत, एवढी विनंती मुख्याध्यापकांना करतो.