हडल मोडणारे संघ



अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीआधी आक्रमण करणारे अकरा खेळाडू डोक्याला डोके लावून कोंडाळे करतात. त्याला हडल म्हणतात. १८९०च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात पॉल हबर्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगणारा आणि पास देणारा खेळाडू, होता. तो खुणांच्या भाषेत चाल सांगे, आणि समोरचा संघही कर्णबधिर असला की त्याला ती दिसे. म्हणून त्याने सहकाऱ्यांना पाठी बाहेर करून उभे केले, अशी हडलची जन्मकथा सांगतात. आज मी बोलणार आहे ते हे कोंडाळे मोडून टाकणाऱ्या संघांबद्दल, म्हणजे नो-हडल आक्रमणाबद्दल.

या आक्रमणाविषयी एक समज घट्ट बसला आहे, की ते वेगामुळे जिंकते. समोरचे धिप्पाड गडी धापा टाकू लागतात आणि काम होते. धाप लागते हे खरेच. पण माझे मत असे, की वेग हे या पद्धतीचे फळ आहे. तिचे मूळ दोन गोष्टींत आहे : समोरच्याला खेळाडू बदलू न देणे, आणि आपल्या अकरा जणांत कमीत कमी शब्दांत बोलणे.

पहिली गोष्ट आधी पाहू. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते, आणि दोन चालींच्या मध्ये खेळाडू बदलायला मुभा असते. बचाव करणारा संघ तिचा पुरेपूर वापर करतो. दोन यार्ड हवे असतील तर जाडजूड गडी आत, बारा यार्ड हवे असतील तर चपळ गडी आत. क्रिकेटमध्ये डावखुरा फलंदाज स्थिरावलेला आहे आणि कर्णधाराला गोलंदाज बदलायलाच मिळत नाही, अशी कल्पना करा. नो-हडलसमोर बचावाची तीच गत होते. त्यात एक नियम मोलाचा आहे : आक्रमणाने खेळाडू बदलले तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो, आक्रमणाने बदलले नाहीत तर पंच थांबत नाहीत. म्हणून या पद्धतीला असे अकरा जण लागतात, की तेच धावून खेळतील आणि तेच पास देऊन-घेऊन खेळतील. असा ताफा नसलेल्या संघाने हिच्या वाटेला जाऊ नये.

सिनसिनाटी बेंगॉल्सचे प्रशिक्षक सॅम वाइश यांनी हे नेमके हेरले. शेवटच्या दोन मिनिटांत घाईने खेळण्याची रीत जुनीच होती. त्यांनी ती सामनाभर वापरली. १९८७मध्ये चारच सामने जिंकलेला हा संघ १९८८मध्ये बारा जिंकला आणि त्यांचा क्वार्टरबॅक बूमर एसायसन त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळ थांबावा म्हणून सिएटलचे बचावपटू दुखापतीचे निमित्त करून मैदानावर आडवे होतात, असा आरोपही त्या हंगामाच्या बाद फेरीत झाला. पुढच्या फेरीत, बफेलोविरुद्धच्या सामन्याच्या दिवशीच, लीगने बेंगॉल्सना ताकीद दिली की ही घाई केलीत तर दंड होईल. बेंगॉल्स तरीही २१-१० असे जिंकले. ज्या बफेलो बिल्सना या पद्धतीचा धाक वाटत होता, त्यांनीच पुढे ती उचलली.

आणि इथे दुसरी गोष्ट येते. जानेवारी १९९०मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध मागे पडल्यावर बिल्सच्या जिम केलीने घाईच्या खेळात ४०५ यार्डांचे पास दिले. सामना ३४-३० असा गेला, पण प्रशिक्षक मार्व्ह लेव्ही आणि त्यांचे सहकारी टेड मार्चिब्रोडा यांना वाट सापडली. बहुतेक संघांत प्रशिक्षक कडेवरून चाल पाठवत असताना त्यांनी तो अधिकार केलीच्या हाती दिला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. समोरची मांडणी ज्याला दिसते आहे, त्यानेच बोलायचे. २० जानेवारी १९९१ रोजी या संघाने लॉस एंजेलिस रेडर्सना ५१-३ असे धुऊन काढले. मध्यंतरालाच ४१ गुण झाले होते.

हडलमध्ये एका चालीचे वर्णन दहा-बारा शब्दांचे असू शकते : कोण कुठे उभा राहील, कोण कुणाला अडवेल, कोण कोणत्या वाटेने पळेल. हडल नाही, तर हे सगळे एका शब्दात किंवा एका खुणेत मावले पाहिजे, आणि अकरांपैकी प्रत्येकाला त्यात आपापले काम ऐकू आले पाहिजे. प्रशिक्षक चिप केली यांच्या ओरेगन विद्यापीठाच्या संघात कडेला मोठे फलक उंचावले जात. प्रत्येकावर चार चित्रे. खेळाडू त्यांकडे नजर टाकत आणि चेंडू सुटे. ती नजर तयार होते सरावात. ओरेगनचा सराव सामन्याहून वेगवान असे, मोठ्या आवाजात संगीत चालू ठेवून.

आवाजाची किंमत क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या संघाला मोजावी लागली. मॅनिंग हडल टाळे, पण घाई करत नसे. रेषेवर उभा राहून बचाव वाचे आणि मग चाल बदले. २०१३च्या हंगामात त्याच्या डेन्व्हरने ६०६ गुणांचा विक्रम केला. २ फेब्रुवारी २०१४च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, मात्र पहिल्याच चालीला गोंगाटात इशारा नीट पोहोचला नाही. मॅनिंग पुढे सरकत असतानाच सेंटरने चेंडू मागे फेकला, तो त्याला ओलांडून गेला आणि बाराव्या सेकंदाला सिएटलच्या नावावर दोन गुण लागले. शेवट ४३-८.

या पद्धतीची खरी किंमत मात्र स्वतःच्या बचावाला मोजावी लागते. आक्रमण झटपट आटोपले, की दमलेले बचावपटू पुन्हा मैदानात. ५१-३च्या विजयानंतर आठवड्यातच सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सने बिल्सना हेच दाखवले. त्यांनी ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू स्वतःकडे ठेवला. उत्तरार्धातली एकच मोहीम साडेनऊ मिनिटे चालली. जायंट्सच्या बचावाचे सूत्रधार बिल बेलिचिक यांनी सुरुवातीपासूनच चपळ गडी जास्त उतरवले, म्हणजे बदलण्याची गरजच उरली नाही, आणि बिल्सच्या थर्मन थॉमसला धावू दिले. त्याने १३५ यार्ड काढले. स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांवरची किक उजवीकडून बाहेर गेली आणि बिल्स २०-१९ असे हरले. बेलिचिक यांचा तो आराखडा ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये जपून ठेवला आहे. पुढे त्याच बेलिचिक यांनी न्यू इंग्लंडमध्ये एका शब्दाच्या चाली वापरल्या, यावरून या पद्धतीचे बळ कळावे.

सुपर बोल आपल्याकडे फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. पाहाल तेव्हा चाल संपल्यावर चेंडूवरून नजर काढा आणि बचावाची कडा बघा : बदली खेळाडू आत यायला निघाला आहे की अर्ध्या वाटेवरून परत पळतो आहे? परत पळत असेल, तर नो-हडल यशस्वी होते आहे.