तळ्याकाठचं दिग्विजय महाविद्यालय

भिलाईहून नागपूरच्या दिशेने निघालं की दुर्ग मागे पडतं आणि पुढे राजनांदगाव लागतं. इथलं संस्थान विलीन झालं, राजवाडा उरला. १९५७ साली या वाड्यात महाविद्यालय सुरू झालं आणि त्याला इथले राजे दिग्विजयदास यांचं नाव मिळालं. दरबाराच्या जागी वर्ग भरू लागले! वाड्याच्या एका बाजूला राणीसागर तळं, दुसऱ्या बाजूला बूढासागर.

१९५८ मध्ये इथे हिंदी शिकवायला आले गजानन माधव मुक्तिबोध. हिंदीतले थोर कवी, पण घरची भाषा मराठी. मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे बंधू. वाड्याच्याच एका भागात गजानन माधवांचं बिऱ्हाड होतं. खिडकीतून तळं दिसायचं, वर जायला गोल फिरणारा जिना. त्यांच्या कवितेतला अंधार, पाणी आणि जिने इथे उभं राहिलं की जास्त कळतात, असं मला मनापासून वाटतं. हिंदी साहित्यिक पदुमलाल पुन्नालाल बक्षीही इथेच शिकवत.

११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोधांचं दिल्लीत निधन झालं. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा कवितासंग्रह त्यानंतर आला.

महाविद्यालय आज शासकीय आहे, आवारात मुक्तिबोधांचं स्मारक आहे. भिलाईकर मराठी श्रोत्यांनो, एकदा मुलांना घेऊन तो जिना जरूर पाहून या.