निरीक्षणाची सनद



या स्थानावरून बोलणाऱ्याने प्रथम आपल्या अपात्रतेची ग्वाही द्यावी, मग सेवाधर्माची महती गावी आणि अखेरीस शासनदरबारी चार मागण्या रुजू करून खाली बसावे, असा आपल्या परिचारिका-संमेलनांचा शिरस्ता आहे. त्यातील पहिल्या दोन गोष्टींना मी आज रजा देते, कारण गेली काही वर्षे तरुण परिचारिका मला जो प्रश्न सातत्याने विचारीत आल्या आहेत, त्याचे उत्तर या सभेपुढेच द्यावे असे मला वाटते. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, परिचारिकेलाही भूल देण्याचे उच्चशिक्षण मिळते आणि ते घेतलेली परिचारिका शस्त्रक्रियागृहात रोग्याच्या उशाशी अधिकाराने उभी राहते, हे त्यांनी ऐकलेले असते. तेथे जागा थोड्या आणि इच्छुक फार, हेही त्यांच्या कानी आलेले असते. आणि मग त्या विचारतात की, ‘मॅडम, अर्जात लिहायचे काय?’

जालन्याच्या मुलीने असा विचार करावा याचे कोणाला नवल वाटत असेल, तर त्याने या भूमीचा इतिहास आठवावा. 23 सप्टेंबर 1803 रोजी याच जिल्ह्यातील असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या आणि इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजा भिडल्या, तेव्हा घायाळांवर जी शस्त्रक्रिया झाली ती शुद्धीवरच्या माणसांवर. कारण बॉस्टन येथे मॉर्टनने इथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक करावयास अजून 43 वर्षांचा अवकाश होता. पुढे सिम्पसनने 1847 मध्ये क्लोरोफॉर्म प्रचारात आणले आणि त्याने अधूनमधून माणसे दगावू लागली, तेव्हा ती श्वास थांबून दगावतात की हृदय थांबून, या वादाचा निवाडा करण्याचा प्रयत्न लंडनइतकाच हैदराबादेत झाला, आणि जालना तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होते. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी 1888 मध्ये पहिला आयोग बसविला; ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी 1000 पौंडांची तजवीज करून खुद्द ‘लॅन्सेट’चाच प्रतिनिधी मागविला, आणि लॉडर ब्रंटन हे 1889 मध्ये दुसऱ्या आयोगासाठी हैदराबादेस आले. त्याच वर्षी तेथील वैद्यकीय शाळेतून बाहेर पडलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेची गणना जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत होते. ज्या संस्थानाच्या एका टोकाला आपण होतो, त्याच्या राजधानीत एक बाई क्लोरोफॉर्म देत होती, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत कोठेही येत नाही याचे मला वैषम्य वाटते.

आयोगाचा निष्कर्ष असा, की श्वास आधी थांबतो व हृदय मागाहून, म्हणून भूल देणाऱ्याने नाडीची चिंता न करता श्वासाकडे पाहावे. तो निष्कर्ष एकांगी ठरला. क्लोरोफॉर्मच्या हलक्या अमलातही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे लेव्ही यांनी 1911 मध्ये दाखवून दिले. आयोगाने शेकडो जनावरांवर प्रयोग केले, वजनदार अहवाल छापला, आणि तरीही जे पाहावयाचे ठरविले नव्हते ते त्याला दिसले नाही.

याच्या शेजारी मी दुसरे एक नाव ठेवते. मिनेसोटातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियागृहात ॲलिस मॅगॉ नावाची परिचारिका इथर व क्लोरोफॉर्म देत असे. तिच्याजवळ ना आयोग होता, ना राजाश्रय. तिने आपल्या भुलींची नोंद ठेवली आणि 1906 मध्ये 14,000 हून अधिक रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे ओढवलेला एकही मृत्यू नव्हता. रोग्याशी बोलत राहावे, औषध थेंबाथेंबाने द्यावे आणि त्याचा वर्ण, श्वास, डोळे यांवरची नजर हलू देऊ नये, एवढेच तिचे तंत्र होते. पुढे ॲगाथा हॉजिन्स यांनी 1931 मध्ये अशा परिचारिकांची संघटना उभी केली, आणि परिचारिकेने भूल देणे म्हणजे बेकायदा डॉक्टरकी होय असा दावा कॅलिफोर्नियातील डॅग्मार नेल्सन यांच्याविरुद्ध गुदरला गेला, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1936 मध्ये तो फेटाळला. न्यायालयात जिंकलेला हा अधिकार प्रथम नोंदवहीत कमावलेला होता, असे माझे मत आहे.

आता व्यवहाराकडे वळू. अमेरिकेत 2022 पासून या शिक्षणाचा प्रवेश डॉक्टरेटच्याच पायरीवर होतो. अभ्यासक्रम किमान 36 महिन्यांचा असतो. अर्जदाराजवळ परिचर्येची वा तत्सम पदवी, तेथील परवाना आणि अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि ज्यांना खरोखर जागा मिळते त्यांचा अनुभव बहुधा याहून अधिक असतो. येथून जाणाऱ्या मुलीला आधी आपल्या शिक्षणाची छाननी करून घ्यावी लागते, परवान्यासाठीची एनसीएलईएक्स परीक्षा द्यावी लागते, तेथे नोकरी करावी लागते, आणि मगच तो अर्ज. हा रस्ता लांब व खर्चिक आहे आणि घरच्यांच्या संमतीवाचून तो चालणे कठीण आहे. ज्या मुलीला कोणी एजंट ‘दोन वर्षांत काम होईल’ असे सांगतो, तिने त्याला नमस्कार करून उठावे. फ्रान्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क येथेही भूल देणाऱ्या परिचारिका आहेत, पण तेथे भाषेचा डोंगर आधी चढावा लागतो.

आपल्या देशात हे दार बंद आहे. भूल देणे हे डॉक्टरचे काम, आणि भूलतज्ज्ञ जेथे नाहीत तेथे प्रसूतीच्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांचे प्रशिक्षण देण्याची योजना शासनाने काढली. परिचारिकेचा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही. ग्रामीण रुग्णालयात सिझेरियनची वेळ येते, भूलतज्ज्ञ दुसरीकडे गुंतलेला असतो, आणि अडलेल्या बाईला आधी जालन्याला व तेथून घाटी रुग्णालयात पाठविले जाते, हा अनुभव या सभागृहात कोणाला नवा आहे? तरीही उद्यापासून परिचारिकेच्या हाती भुलीची सिरिंज द्या, अशी मागणी मी करणार नाही. अर्ध्या शिक्षणावर दिलेला अधिकार रोग्याच्या जिवावर बेततो. मात्र भारतीय परिचर्या परिषदेने 2016 मध्ये अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनरचा जो दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम मंजूर केला, तो या दिशेचा सर्वांत जवळचा उंबरठा आहे, आणि त्याच्यासाठीही निदान वर्षभराचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. 2024 मध्ये जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे आज ना उद्या हा अभ्यासक्रम निघावा, आणि तो पुरा करणाऱ्यांसाठी त्या दर्जाची पदेही निर्माण व्हावीत, ही माझी या व्यासपीठावरून एकमेव मागणी होय.

आणि आता अर्ज. तरुण मुलींनी मला दाखविलेल्या मसुद्यांतून नाव खोडले तर कोणता कोणाचा हे ओळखता येऊ नये, इतके ते एका साच्याचे असतात: लहानपणापासून सेवेची आवड, आजीचे आजारपण, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा, आणि शेवटी ‘संधी द्यावी ही नम्र विनंती’. यात खोटे काही नसते, पण निवड करणाऱ्याला त्यातून काय कळावे? रात्री तीन वाजता डॉक्टर पोहोचेपर्यंतच्या दहा मिनिटांत ही मुलगी काय पाहील आणि काय ठरवील, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते.

त्याचे उत्तर आपल्याजवळ विपुल आहे. खरिपात कपाशीवर फवारणी सुरू झाली, की कीटकनाशकाच्या विषबाधेचे रोगी भोकरदन, मंठा, परतूरकडून येऊ लागतात. काही फवारणीत बाधलेले, काही, दुर्दैवाने, स्वतःहून प्यालेले. ऑर्गॅनोफॉस्फरस विषाने शरीरातील कोलिनएस्टरेज हे विकर निकामी होते, तोंडाला फेस येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि ॲट्रोपिन कितपत लागू पडले हे परिचारिका छातीतील घरघर ऐकून व नाडी पाहून तास-तास मोजीत असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोगी बोलतो, नातेवाईक सुटीची भाषा करू लागतात, आणि नेमक्या त्या वेळी एखाद्या परिचारिकेच्या ध्यानात येते, की याला उशीवरून मान उचलता येत नाही. मानेचे स्नायू गेले की श्वासाचे स्नायू त्यांच्यामागून जाणार, हे ती जाणते. ती डॉक्टरांना बोलावते, व्हेंटिलेटर तयार ठेवते, आणि माणूस वाचतो. मण्यार चावलेल्या रोग्याच्या पापण्या मिटू लागल्या, की तीच नजर तेथेही उपयोगी पडते.

भूलशास्त्राच्या पुस्तकात याचेच दुसरे पान आहे. स्नायू शिथिल करण्यासाठी भूलतज्ज्ञ जे सक्सिनिलकोलीन देतात, त्याचे विघटन याच कोलिनएस्टरेज जातीच्या विकराने होते, आणि म्हणूनच विषबाधा झालेल्या रोग्यात त्याचा अंमल लांबतो. इतर शिथिलके उतरविण्यासाठी वापरतात ते निओस्टिग्मिन हेही त्या विकरालाच तात्पुरते अडविते, आणि त्याच्या जोडीला पुन्हा आपल्या ओळखीचे ॲट्रोपिन किंवा त्याचे भावंड द्यावे लागते. अमेरिकेतील अतिदक्षता विभागात अनेक वर्षे काढलेल्या परिचारिकेने असा एखादाच रोगी पाहिला असेल. आपल्याकडील मुलीने एका पावसाळ्यात अनेक पाहिले आहेत. ती हे सारे मनात ठेवते आणि अर्जात आजीचे आजारपण लिहिते! विहिरीवर राहून बाटलीतले पाणी विकत घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

यात दोष तिचा थोडा आणि आम्हा ज्येष्ठांचा अधिक. शिफारसपत्र मागावयास आलेल्या मुलीला ‘वर्तणूक चांगली, काम समाधानकारक’ असा एका ओळीचा दाखला देऊन वाटेला लावण्याची रीत आपल्या दफ्तरांत मुरलेली आहे. असा दाखला फाडून टाकला तरी उमेदवाराचे काही बिघडत नाही, इतका तो निरुपयोगी असतो. जिने मान न उचलणारा रोगी ओळखला, त्या रात्रीची हकीकत तिच्या परिसेविकेने का लिहू नये? शेऱ्याच्या रकान्यात आपण जी शाई वाचवितो, तिची किंमत ती मुलगी मुलाखतीच्या खोलीत मोजते.

म्हणून स्वागत समितीच्या संमतीने दुपारच्या सत्रात मी एक फेरफार केला आहे. ठरलेली दोन व्याख्याने रद्द झाली असून, वक्त्यांनी त्याला उदारपणे मान्यता दिली आहे. त्याऐवजी प्रत्येकीने आपल्या एका पाळीचा वृत्तान्त दोन पानांत लिहावा: काय दिसले, केव्हा दिसले, त्यावरून काय ताडले, काय केले, आणि अंदाज चुकला असल्यास कोठे. रोग्याचे नाव, गाव, खाटेचा क्रमांक लिहू नये. इंग्रजीची चिंता आज करू नये. आधी मराठीत स्वच्छ उतरू द्या. ज्येष्ठ परिसेविकांनी गट करून ते वाचावेत आणि जेथे ‘रोग्याची प्रकृती खालावली’ असे मोघम लिहिले असेल, तेथे समासात ‘म्हणजे काय झाले?’ असे विचारावे. कागद प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना संध्याकाळच्या पाळीवर जावयाचे आहे, त्यांचे लेखन प्रथम वाचले जाईल, तेव्हा त्यांनी जेवण लवकर उरकून घ्यावे.