दुसरी किल्ली

शरीरांत शिरलेल्या रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींत 'टी-पेशी' नांवाची एक जात आहे. ही सेना एका हांकेवर उठत नाहीं. शत्रूची ओळख पटली तरी पेशीच्या पृष्ठभागावरील 'सीडी २८' नांवाच्या प्रथिनाला दुसऱ्या पेशीकडून दुजोरा मिळावा लागतो. श्रोत्यांनीं दोन किल्ल्यांनीं उघडणारी बँकेची तिजोरी डोळ्यांपुढें आणावी. पहिली किल्ली एकटीच फिरली, तर पेशी उलट सुस्तावते. आपल्याच अवयवांवर उगाच हल्ला होऊं नये, अशीच ही तजवीज आहे.

१३ मार्च २००६ रोजीं लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारांत दुसरी किल्ली एकटीच फिरविण्यांत आली. 'टीजीएन १४१२' हें औषध पहिल्या किल्लीवांचूनच सीडी २८ ला चेतवीत असे. सहा धडधाकट तरुणांना तें दहा-दहा मिनिटांच्या अंतरानें टोचलें. मात्रा माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या केवळ पांचशेवा भाग! तरीहि दीड तासाच्या आंत डोकेदुखी, वांत्या व ताप यांनीं ते हैराण झाले. पुढें फुप्फुसें व मूत्रपिंडें काम सोडूं लागलीं. वैद्यांच्या शर्थीनें सहाहिजण वांचले. एकाला मात्र पायांचीं बोटें व हातांच्या बोटांचीं टोकें गमवावीं लागलीं.

माकडानें फसविलें तें कसें? त्या जातीच्या माकडांत कांहीं अनुभवी टी-पेशींवरून हें प्रथिन नाहींसें झालेलें असतें. माणसांत तें कायम राहतें. त्यानंतर अशा औषधाची पहिली मात्रा एकालाच देऊन पुरेसा वेळ वाट पाहण्याचा दंडक पडला. दहा मिनिटें म्हणजे वाट पाहणें नव्हे, हें सांगण्यास खरें तर अपघाताची गरज नव्हती.