ओव्हन वेगळा घ्यायचा की रेंजच्या पोटातला?

हात कामात असतील तर असू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या महिन्यात एका गटाच्या अध्यक्षताईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, बिस्किटांचा धंदा सुरू करतोय. कर्ज मंजूर झालंय. दुकानदार म्हणतो कुकिंग रेंज घ्या, एकातच सगळं येतं. घेऊ का?" मी म्हटलं, आठ दिवस थांबा. मग वाटलं, हे एकट्या त्यांना सांगण्यापेक्षा रेडिओवरच सांगावं. कारण हीच घाई आमच्या गटाने केली होती, आणि "घेऊन टाकू या" म्हणण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

रेंज म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वर चार शेगड्या, खाली पोटात ओव्हन, असं एकच उभं कपाट. दिसायला झकास. आपल्याला ही कल्पना नवीन नाही. चुलीला वैल असतोच की. पुढे भाकरी, वैलावर दूध नाहीतर आमटी, आणि तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर फुगवून घ्यायची. एका जाळात तीन कामं. म्हणून "एकात सगळं" म्हटलं की आपल्याला ते काटकसरीचं वाटतं. मलाही तसंच वाटलं.

आमचा गट दहा जणींचा. नानकटाई आणि नाचणीची बिस्किटं करायची, आणि सोबत प्रशिक्षणांच्या, बैठकांच्या चहा-नाश्त्याच्या व जेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या. आधी आम्ही नानकटाई बाजारच्या गावात बेकरीवर भाजून आणायचो. पीठ, तूप, साखर घेऊन जायचं, तिथंच मळायचं आणि बेकरीवाल्याचे पाव निघेपर्यंत बसून राहायचं. आपला नंबर लागेपर्यंत रात्रीचे दहा. घरची माणसं कुरकुरायची. म्हणून ओव्हन घ्यायचा ठरला. मी कागदावर हिशेब मांडला. रेंज अडतीस हजारांना. वेगळा बेकरी ओव्हन आणि वेगळी मोठी शेगडी घेतली तर सोळा हजार जास्त. झालं, रेंजचा ठराव झाला. तीस हजार कर्ज, आठ हजार गटाची बचत.

गटातल्या एका मावशींनी तेवढी शंका काढली होती. त्या म्हणाल्या, "भाकरी थापताना वैलावरचं दूध उतू जातं गं. मग दोघींनी दोन कामं एकाच खोक्यापुढं उभं राहून कशी करायची?" आम्ही हसलो. ठराव लिहिताना त्यांचं म्हणणं मी वहीत उतरवलंसुद्धा नाही.

मग दिवाळी आली. चाळीस किलो नानकटाईची ऑर्डर आणि त्याच दिवशी साठ माणसांचं जेवण. आता हिशेब ऐका, जो मी आधी मांडायला हवा होता. रेंजच्या ओव्हनमध्ये ट्रे बसतो एक. एका ट्रेमध्ये पंचवीस ग्रॅमच्या चोवीस नानकटाया, म्हणजे सहाशे ग्रॅम. भाजायला आणि काढायला-घालायला धरून पंचवीस मिनिटं. चाळीस किलोला सदुसष्ट घाणे लागतात. सदुसष्ट गुणिले पंचवीस मिनिटं म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास! दिवस तर चोवीसच तासांचा. तेच बेकरीच्या मोठ्या ट्रेमध्ये साठ नानकटाया बसतात, दीड किलो. असे दोन ट्रे एका वेळी आत गेले तर तीन किलो, म्हणजे चौदा घाणे. सहा तासांच्या आत काम संपतं. मी पैशाचा हिशेब केला, घाण्याचा केलाच नाही.

त्यात मावशी म्हणाल्या तेच झालं. ओव्हनचं दार खालच्या बाजूला, पुढे उघडतं. ते उघडलं की शेगडीपुढच्या बाईने मागे सरायचं. तिने भाजी सोडून सरायचं की ओव्हनवालीने ट्रे करपू द्यायचा? शेवटी घाईघाईत दार उघडलं आणि त्याच मावशींच्या नडगीला चटका बसला. चांगला फोड आला. चाळीसातली सव्वीस किलो कशीबशी झाली. उरलेलं पीठ घेऊन आम्ही रात्री पुन्हा त्याच बेकरीच्या दारात.

जेवणाच्या बाजूचंही सांगते. रेंजची उंची अडीच-पावणेतीन फूट. तिच्यावर वीस लिटरचं पातेलं ठेवलं की पळी छातीच्या वर फिरवावी लागते, आणि उकळती आमटी उतरवायची ती तेवढ्या उंचीवरून. चार शेगड्या असल्या तरी मोठी पातेली दोनच बसतात, बाकीच्या दोन त्यांच्या काठाखाली झाकल्या जातात. मोठ्या स्वयंपाकाला जमिनीलगतची बुटकी, मजबूत शेगडीच हवी.

आता आचेबद्दल. आपल्या आज्या पातेल्यात भानोळं करायच्या तेव्हा खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवायच्या. भाजण्याचं सगळं गुपित त्यात आहे: वरून आणि खालून, दोन्हीकडून आच. आमच्या रेंजमध्ये आच खालूनच होती. नानकटाईचं बूड लाल, माथा पांढरा. काही रेंजना वर ग्रिल असतं, पण ते आणि खालचा बर्नर एका वेळी चालतात का, ते दुकानात विचारा. नुसतं विचारू नका, लावून दाखवायला सांगा. मी तर म्हणेन, डब्यात मळलेलं पीठ घेऊनच जा आणि एक ट्रे भाजून मागा. दुकानदाराने नाही म्हटलं तर दुसरं दुकान बघा. आपण साडी घेतानासुद्धा घडी मोडून बघतो.

ओव्हन विजेचा घ्यावा की गॅसचा, हा वेगळा प्रश्न, पण त्यावर रेडिओकडे नेहमी फोन येतात. दोन हजार वॉटचा विजेचा ओव्हन सलग एक तास तापला तर दोन युनिट खातो. त्याला सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो, अर्थिंग लागतं. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. तो एक किलोवॉट असेल तर आधी वाढवून घ्यावा लागेल. आणि व्होल्टेजचं गणित फार वाईट आहे. दोनशे तीसच्या जागी एकशे ऐंशी व्होल्ट आले तर आच थोडी कमी होईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन हजार वॉटचा ओव्हन बाराशेच्या आसपास येतो. मग वीस मिनिटांची नानकटाई पस्तीस मिनिटांनीही कच्ची. आमच्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात, म्हणून आम्ही पुढे गॅसचाच ओव्हन घेतला. तुमच्याकडे वीज चांगली असेल तर विजेच्या ओव्हनची आच राखायला सोपी जाते, हेही खरं. आणि गॅस म्हटलं की धंद्याला एकोणीस किलोची व्यावसायिक टाकीच लागते. घरची चौदा किलो दोनशे ग्रॅमची टाकी धंद्याला वापरणं कायद्यात बसत नाही. व्यावसायिक टाकीचा रेग्युलेटरही वेगळा असतो, त्याचा खर्च धरा.

दुरुस्तीचं तर मी विसरतच होते. आमच्या रेंजच्या ओव्हनची खटकी बिघडली, तेव्हा मिस्त्री म्हणाला गाडी घालून तालुक्याला आणा. आता ओव्हनसोबत चारही शेगड्या टेम्पोत चढल्या! अकरा दिवस नाश्त्याच्या ऑर्डरी बंद. वस्तू वेगळ्या असत्या तर ओव्हन गेला असता, शेगडी चालू राहिली असती. हप्ता मात्र त्या महिन्यातही भरावाच लागला.

एवढं ऐकून रेंज वाईटच असं समजू नका. जागा दहा बाय दहाची असेल, काम करणारी बाई एकटीच असेल, सकाळी स्वयंपाक आणि दुपारी भाजणं अशी कामांची वेळ वेगळी असेल, तर रेंज चांगली. एक गॅसजोडणी, एक नळी, एक कोपरा. आमच्याच गटातली एक मैत्रीण वाढदिवसाचे केक करते, एका वेळी एक. शेवटी रेंज तिनेच घेतली, बावीस हजारांना, दरमहा हजार रुपयांनी. तिचं काम छान चाललंय. किंमत बरोबर लागली का, यावर मात्र गटात अजून कुजबुज आहे. दोघी म्हणतात स्वस्तात दिली. मावशी म्हणतात, वापरलेल्या भांड्याला नव्याचा भाव कोण देतो? आणि नुसत्या घरासाठी घेत असाल, वर्षातून चार वेळा केक आणि दिवाळीची नानकटाई एवढंच करायचं असेल, तर रेंजही नको आणि मोठा ओव्हनही नको. चांगली शेगडी घ्या, उरलेले पैसे राहू द्या.

त्या अध्यक्षताईंना मी एक वही करायला सांगितलं होतं. आठ दिवस रोज लिहायचं: कोणतं काम किती वाजता, किती किलो, किती जणी, आणि शेगडी व भाजणं एका वेळी किती वेळा लागलं. परवा त्यांचा फोन आला. भाजणं आठवड्यातून दोनच दिवस निघालं, तेही सहा-सात किलोचं. त्यांनी कर्ज उचललंच नाही. त्यांच्या गावापासून चार किलोमीटरवर बेकरी आहे, तिथं किलोमागे भाडं देऊन भाजून घेतात. दुपारी दोन ते चार भट्टी रिकामी असते, ती वेळ त्यांनी बोलून घेतलीय. पंधरा किलोच्या वर माल जायला लागला की ओव्हनचं बघू म्हणाल्या, आणि तेव्हा पीठ घेऊनच दुकानात जाणार आहेत.