भाकर, पाणी आणि प्रार्थना



२०२५ साली रमजानचा महिना आणि ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ एकाच आठवड्यात सुरू झाला. रविवारी आमचा पहिला रोजा झाला आणि बुधवारी त्यांचा राखेचा बुधवार आला. त्या संध्याकाळी माझे एक ख्रिस्ती स्नेही इफ्तारच्या वेळी घरी आले. गेली वीस-बावीस वर्षं आम्ही एकाच कचेरीत बसतो. त्यांचाही उपवासच होता. खजूर हातात घेऊन ते नुसतेच बसून राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "भाई, तुमच्या दुआमध्ये आमच्या लेकीचं नाव घ्या."

ती मुलगी एकोणीस वर्षांची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दोन महिने तिला झोप नव्हती, जेवण नव्हतं, पुस्तक उघडत नव्हतं. 'मी नसले तर तुम्ही सुखी व्हाल,' असं ती आईला म्हणाली होती. नातलग आले, ओळखीची माणसं आली. कुणी म्हणालं, पोरीचा विश्वास कमी पडतोय. कुणी म्हणालं, काही पाप लपवलं असेल, ते कबूल कर. कुणी सांगितलं, औषधगोळी घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. सगळ्यांनी प्रार्थना केली, मनापासून केली. पण मुलीच्या मनानं वेगळाच अर्थ घेतला. एवढ्या प्रार्थना करूनही बरं वाटत नाही, म्हणजे देवालाही मी नकोशी झाले! आजार एक होता, त्याचे दोन झाले.

हे सारं मी तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीनंच सांगतो आहे. ऐकताना मला माझा धाकटा भाऊ आठवला. १९९१ साली तो वीस वर्षांचा होता. तोही असाच भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आम्ही त्याला दर्ग्यावर नेलं, ताईत बांधले, दम केलेलं पाणी पाजलं. दवाखान्यात मात्र नेलं नाही. लोक काय म्हणतील, याची भीती! एका पहाटे तो घराबाहेर पडला, तो आजतागायत परतलेला नाही. अम्मी हयात होती तोवर तिनं रात्री दाराला आतून कडी लावू दिली नाही.

मी दर्ग्याला दोष देत नाही. तिथं आम्हाला धीर मिळाला. चूक आमची होती. दुआ आणि दवा यांतलं एकच काहीतरी निवडायचं असतं, असं आम्ही धरून चाललो. खरं तर आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, अशी शिकवण आमच्या हदीसमध्ये आहे. लहानपणापासून ती ऐकत आलो होतो. वेळ आली तेव्हा आठवली नाही.

माझ्या स्नेह्यांच्या घरी पुढं काय झालं, ते ऐका. त्यांच्या मंडळीचे पाळकसाहेब बाहेरगावी होते, ते परतल्यावर भेटायला आले. मुलीच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. पापाचं नाव नाही, विश्वासाची चौकशी नाही. त्यांनी विचारलं, "बाळ, रात्री झोप लागते का? काल काय खाल्लंस?" आणि मग तिला एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली.

हे एलीया म्हणजे आमच्या कुराणातले हजरत इल्यास. बायबलमधली त्यांची ही हकिगत मात्र मला त्या दिवशी प्रथम कळली. मोठा पराक्रम केलेला हा माणूस राणीच्या धमकीनं जीव घेऊन रानात पळतो. एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. आता पुरे झालं म्हणतो आणि तिथंच झोपी जातो. देवदूत येतो तो रागावत नाही, उपदेश करत नाही. त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर असते, पाण्याचं भांडं असतं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाची वाणी त्याला ऐकू येते ती त्यानंतर, कितीतरी दिवसांनी. आधी झोप, आधी भाकर.

पाळकसाहेब आणखी एक गोष्ट म्हणाले. ज्यांना आम्ही हजरत ईसा म्हणतो, ते प्रभू येशू पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखानं व्याकूळ झाले होते. त्यांनी आपल्या सोबत्यांना जवळ जागत राहायची विनंती केली होती. मग दुःखी होणं हा विश्वासाचा कमीपणा कसा? सोबत मागणं ही लाज कशी? हे ऐकून ती मुलगी कितीतरी दिवसांनी रडली, असं तिचे वडील सांगत होते.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब स्वतः बापलेकीबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिले. मंडळीतल्या बायकांनी पाळी लावली. संध्याकाळी कोणी सोबत बसायचं, डबा कोणी आणायचा. प्रार्थना थांबली नाही, पण तिचं ओझं आता मुलीवर नव्हतं. करणाऱ्यांनी ते आपल्या खांद्यावर घेतलं.

श्रोतेहो, हाच धडा एका इंग्रज धर्मगुरूला फार पूर्वी मिळाला होता. त्यांचं नाव चॅड व्हारा. १९३५ साली, धर्मसेवेत नवेच असताना, त्यांनी एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी केला. तिला मासिक पाळी सुरू झाली होती. समजावून सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याला काही लाजिरवाणा रोग जडला असं वाटून तिनं जीव दिला होता. ते दुःख त्यांनी मनात जपलं. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी निराश माणसांसाठी एक टेलिफोन सुरू केला. भेटायला येणाऱ्यांची रांग लागे. तोवर स्वयंसेवक त्यांना चहा देत, त्यांचं ऐकून घेत. व्हारांच्या लक्षात आलं, की पुष्कळांना तेवढ्यानंच हलकं वाटतं, धर्मगुरूला भेटायची गरजही उरत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. दुःखी माणसाला धर्मोपदेश करायचा नाही, हा तिथला नियम. त्या संस्थेचं नाव समारिटन्स. बायबलमधल्या दाखल्यातल्या त्या शोमरोनी वाटसरूवरून हे नाव आलं. त्यानं जखमी माणसाची जात किंवा धर्म विचारला नाही. जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेलं आणि खर्चही दिला.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यात सगळ्या धर्मांची मुलं असणार. म्हणून प्रत्येक मशिदीत, देवळात, चर्चमध्ये एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली गेली पाहिजे. मनाचा आजार हा आजार आहे, तो देवाचा कोप नव्हे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक लावला, की दिवसरात्र कधीही, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. ताईत बांधायचा असेल तर जरूर बांधा, पण हा क्रमांकही जवळ लिहून ठेवा.

ती मुलगी आता पुन्हा कॉलेजला जाते. गोळ्या चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही जड जातात. चमत्कार झाला, असं मी म्हणणार नाही. मागच्या ईदला ती वडिलांबरोबर आमच्याकडे आली होती. शीरखुर्म्याची वाटी संपवून तिनं आणखी मागितली. माझ्या पत्नीनं ती भरून दिली आणि आत जाऊन डोळे पुसले.

मी अजूनही पाचही वेळच्या नमाजात भावासाठी दुआ मागतो. पण शेजारच्या घरात एखादं पोर भिंतीकडे तोंड करून पडलं आहे असं कळलं, की आधी चप्पल घालतो. दुआ वाटेनं जाताजाताही करता येते.


(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)